सूनबाई, हिरव्या पेशी आणि माझी नटाची नजर

आमची सूनबाई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मी चाळीस वर्षं रंगमंचावर घसा फोडलेला माणूस. साधं पाणी मागितलं तरी शेजारी खिडकीत येतात. ती पाणी ठेवून जाते तेही कळत नाही. तिच्या कामाची चौकशी मी तीन वर्षांत एकदाही केली नव्हती. माझ्या जुन्या भूमिकांबद्दल मात्र तिला सगळं पाठ आहे, बिचारीला.

तिचं काम उंदराच्या आतड्यात डोकावण्याचं. आतड्याचं अस्तर म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या पेशींची एकेरी भिंत. त्या भिंतीच्या फटींतून शरीराच्या पहारेकरी पेशी अंग चोरून सरकत असतात. त्यांना हिरवी चमक देऊन सूनबाई त्यांचं चित्रण करते. आत रोगजंतू शिरले की या पेशी जास्त हिंडतात का, एवढंच तिला शोधायचं होतं. उत्तर शुक्रवारी तिच्या मॅडमना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना द्यायचं होतं. ते पटलं नाही तर तीन वर्षांचं काम बंद.

त्या आठवड्यात एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन समोर बसली.

"बाबा, एक मदत कराल? पेशी कुठून कुठे गेली ते माऊसने टिपत जायचं. कुठली फिल्म आजारी उंदराची ते मोजणाऱ्याला माहीत नको, नाहीतर मन हवं तेच बघतं."

"पण मीच का?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही ना."

इतक्या स्पष्ट कारणासाठी कुठल्याही दिग्दर्शकाने मला घेतलं नव्हतं. मी लगेच चष्मा पुसला.

सोमवारी आणि मंगळवारी दुपारभर मी टिपत होतो. बुधवारी तिने आकडे जुळवले आणि तिचा चेहराच उतरला. निरोगी असो की आजारी, सगळीकडे पेशी सारख्याच धावत होत्या. ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावरच्या एका पेशीवर बोट ठेवलं.

"बाबा, ही का सोडलीत?"

"ती जागची हलत नाही गं. तिच्यात काय बघायचं?"

"आणि ही?"

"तीही मठ्ठ. ही बघ, कशी झोकात निघाली!"

"म्हणजे तुम्ही फक्त पळणाऱ्याच निवडल्यात? सगळ्या फिल्ममध्ये? मग सगळीकडे सारखंच दिसणार ना!"

उमेदीच्या काळात मी राजवाड्याचा पहारेकरी म्हणून दोन-दोन तास भाला धरून उभा राहिलोय. माझ्याकडे कुणी बघत नाही म्हणून घरी येऊन चिडायचो. आणि आता मीच!

सूनबाईने मॅडमना फोन लावला. "पहिली मोजणी बाद करतेय. मोजणाऱ्याला मी नीट सांगितलं नव्हतं, चूक माझी आहे."

"अगं, माझं नाव घे की!"

"चहा घ्या, बाबा. नवीन सुरुवात करायचीय."

तिने फिल्मची लेबलं पुन्हा झाकली, क्रम बदलला आणि पडद्यावर चौकोन आखून दिले. चौकोनातली एकही हिरवी पेशी सोडायची नाही, हलो वा न हलो. गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बसलो. मनगट सुजलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने झाकलेली लेबलं उघडली. जंतू असलेल्या आतड्यात हिंडणाऱ्या पेशी खरंच जास्त होत्या.

"फरक आहे. पण मॅडमना वाटत होतं तेवढा नाही."

"मग थोडा चढवून सांग. मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून आम्ही तेच करायचो."

"आहे तेवढाच सांगणार," म्हणाली, आणि चप्पल घालून निघाली.

दुपारी फोन आला. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, सहा महिने वाढवून मिळाले. बाद केलेली मोजणीही दाखवली मी. आता दुप्पट फिल्म करायला सांगितल्यात."

मी फोन मांडीवर टाकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, "वा! वा!" असं ओरडलो.

"बाबा, हळू," मांडीवरून आवाज आला, "फोन स्पीकरवर आहे. मॅडम इथेच बसल्यात."