आंबेखोलची चतुःसीमा

ओमानमधल्या सोहारचं बंदर बांधलं जात होतं तेव्हा महमूद एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर होता. कामाला चोख, शब्दाला पक्का. पण कोकणातल्या जमिनीचा विषय निघाला की हाच माणूस सावध व्हायचा. रत्नागिरीकडच्या आंबेखोल गावात त्याच्या घराण्याची कलमांची बाग होती आणि तिच्या सातबाऱ्यावर इतकी नावं होती की सगळे एकदम नमाजाला आले असते तर मशीद भरली असती. बावीस वर्षं आखातात झिजून त्याने ती बाग राखली होती. आता आणखी एखादा हिस्सेदार उगवू नये, एवढीच त्याची दुआ.

२००४ साली न्यूझीलंडहून टामा नावाचा क्रेन सुपरवायझर आला. माओरी माणूस, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. धिप्पाड, दंडावर गोंदण, आणि हसला की अख्खं गोदाम दणाणायचं. महमूद रत्नागिरीचा आहे हे कळल्यावर तो दुपारच्या सुट्टीत खुर्ची ओढून समोर बसला.

"माझ्या आईचे वडील तुमच्याकडचे," तो म्हणाला. "इब्राहिम. गाव आंबेखोल. भावाचं नाव रज्जाक."

महमूदच्या हातातला चहा तसाच राहिला. रज्जाक म्हणजे त्याचा सख्खा आजा. रज्जाकचा धाकटा भाऊ इब्राहिम नव्वद वर्षांपूर्वी बोटीने मुंबईला नोकरी बघायला म्हणून गेला होता. तो बुडाला असं घरात सगळे धरून चालले होते.

बुडाला नव्हता. दलालाने भुलवून त्याला मद्रासला नेलं आणि करारावर अंगठा घेऊन फिजीच्या बोटीत चढवलं. पाच वर्षं उसाच्या मळ्यात चाबकाचे फटके खाल्ले. परतायची लाज वाटली म्हणून पुढे न्यूझीलंडला गेला, बटाट्याच्या शेतात राबला, आणि शेजारच्या माओरी बाईशी लग्न करून तिच्या माणसांतलाच एक झाला. टामाचं बालपण त्याच्याच मांडीवर गेलं होतं.

"गावाहून निघाला तेव्हा तिथली बायको पोटुशी होती," टामा म्हणाला. "मुलगा झाला की मुलगी, हे त्याला कधीच कळलं नाही. मरेपर्यंत तेच विचारत होता."

मुलगी झाली होती. खुदेजा. महमूदची फुफी, म्हणजे वडिलांची चुलत बहीण. नव्वदीला टेकली होती आणि आंबेखोलच्या ओटीवर अजून ऐटीत बसलेली असायची.

महमूदच्या ते ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात टामाने पुढचं विचारलं. "तुमचा डोंगर कोणता? नदी कोणती? आजोबांची जमीन कुठून कुठपर्यंत होती?"

झालं! डोंगर, नदी, जमीन. ही तर खरेदीखतातली चतुःसीमा! कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? इतक्या लांबचा माणूस उगाच कशाला विचारील, असं त्याच्या मनाने घेतलं.

"नो सर," महमूद म्हणाला. "नॉट माय फॅमिली. तसं कोणी नव्हतं."

टामाने मान डोलावली, चहा संपवला आणि यल्ला, चला, म्हणत कामाला गेला. रात्री फरिदाने, महमूदच्या बायकोने, त्याला खोदून विचारलं. ऐकल्यावर ती म्हणाली, "अहो, एकदा जेवायला तरी बोलवा." महमूदने पुढचे आठ महिने ते टाळलं.

टामाचा करार संपला तेव्हा मेसमध्ये निरोपाचा चहा झाला. तो उभा राहिला आणि आपल्या लोकांच्या रीतीने त्याने स्वतःची ओळख सांगितली. आधी डोंगराचं नाव, मग नदीचं, मग वाडवडिलांचं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं. आमच्यात माणूस असाच ओळखतात, म्हणाला. "आजोबांचा डोंगर आणि नदी मला मिळाली नाही, म्हणून माझी ओळख अर्धीच आहे."

महमूदला तोंडात मारल्यासारखं झालं. या माणसाला वीतभर जमीन नको होती. त्याला फक्त नावं हवी होती. पण तीस माणसांसमोर आपण खोटं बोललो हे कबूल कसं करायचं? उद्या सकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. सकाळी गोदामात गेला तर टामाची गाडी पहाटेच मस्कतच्या विमानतळाकडे गेलेली. ऑफिसातून मिळालेला फोन नंबर लागेना. दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली.

रमजान ईदच्या सुट्टीत तो गावी गेला. न सांगता त्याला राहवेना. ओटीवर फुफीच्या पायाशी बसून त्याने सगळं सांगितलं, आपल्या खोटेपणासकट.

खुदेजा फुफी रडली नाही, रागावलीही नाही.

"म्हंजे बाप माजी चौकशी करीत होता," ती म्हणाली.

"होय फुफी. मरेपर्यंत."

"आनि मी हाय, ह्ये त्या पोराला अजून ठावं नाय?"

"नाय," महमूद म्हणाला, आणि त्याला मान वर करवेना.