दुसऱ्या फळीवरचं थान

मी रेल्वेत छत्तीस वर्षं नोकरी केली, भुसावळला, पार्सल ऑफिसात. बास्केटबॉलमुळे मला ती लागली हे सगळ्यांना ठाऊक आहे. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी भाषणात तेच सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हार घालून गप्प उभा राहिलो. खरं सांगायचं तर ती नोकरी लागली घेवरचंद शेठच्या खडूमुळे, आणि मला लागली म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी हुकली. आता शेठ राहिले नाहीत, माझंही पिकलं पान झालंय. पोटात ठेवून तरी काय करायचं?

घेवरचंद शेठ धुळ्याचे. आग्रा रोडला त्यांचं कापडाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ अहिराणी बोलायला लागले की खेड्यातून आलेली म्हातारी विचारायची, "तू कोना पोऱ्या शे रे भाऊ?" धोतर, काळी टोपी, सुटलेलं पोट. उभ्या जन्मात त्यांनी बॉल हातात धरला नव्हता. दुकानाच्या मागे एका शाळेचं मैदान होतं, तिथे कॉलेजची पोरं संध्याकाळी खेळायची. माळ्यावर कापडाची थानं रचता रचता शेठ खिडकीतून बघायला लागले आणि मग खालचं गिऱ्हाईक हाका मारून कंटाळायचं तरी ते खाली येईनात. एकेकाला नाद असतो बुवा. कुणाला तमाशाचा, कुणाला सट्ट्याचा, शेठला बास्केटबॉलचा.

खानदेशातल्या कॉलेजांच्या मॅची सुरू झाल्या की शेठ एसटीने निघायचे. अमळनेर, जळगाव, चाळीसगाव, भुसावळ, कुठेही. दिवस मावळल्यावर ते काही खात नसत, म्हणून चार वाजताच मैदानाच्या कडेला बसून पुरी-भाजी उरकायची आणि मग मॅच बघायची. सोमवारी सकाळी दुकानाबाहेर फळा लागायचा. त्यावर खडूने एक ते सहा, कुठल्या कॉलेजचा संघ कितव्या नंबरावर, आणि पुढे एका ओळीत कारण. ती कारणं अशी की पोरं पाठ करायची. आमच्या अमळनेरबद्दल एकदा लिहिलं होतं, "वीण घट्ट, पण रंग टिकत नाही. दुसऱ्या हाफला उडतो." च्यामारी, आम्हाला झोंबलं, पण होतं शंभर टक्के खरं. पुढे पुढे धुळ्याचं एक साप्ताहिक ती यादी जशीच्या तशी छापायला लागलं. शेठचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ते कुणाचे मिंधे नव्हते आणि कुणाला घाबरतही नव्हते.

सन सहासष्टच्या त्या हंगामात धुळ्याच्या संघात लीलाधर होता. रावेरकडचा लेवा पाटलाचा पोरगा, घरची केळी. मी अमळनेरचा, आणि त्याला अडवायचं काम माझं. त्याला अडवणं म्हणजे काय ते मला विचारा! इकडे वळतोय म्हणून आपण अंग टाकावं तर गडी तिकडून रिंगखाली पोचलेला, आणि वर हसून म्हणणार, "लागलं का रे भो?" आमच्याच मैदानावर त्यांनी आम्हाला एकोणीस पॉइंटांनी धुतलं. तेव्हा आमचे मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "हाऊ पोऱ्या बठ्ठास्ना बाप शे." म्हणजे सगळ्यांचा बाप.

आणि त्याला निकड होती. ते कॉलेजचं शेवटचं वर्ष. बापाने सांगून ठेवलेलं, "खेळून पोट भरतं असं म्हणतोस ना? मार्चपर्यंत दाखव. नाहीतर मुकाट्याने घरी येऊन बागेला पाणी दे." विद्यापीठाच्या संघाचं पुण्याला शिबिर भरायचं. तिथे रेल्वेची माणसं येऊन पोरं निवडायची. शिबिरापर्यंत पोचला की लीलाधर सुटला, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्या एकोणीस पॉइंटांच्या मॅचनंतरच्या सोमवारी फळ्यावर काय असावं? एक नंबर अमळनेर. दोन नंबर धुळे.

आम्ही तर हसून लोळलो. धुळ्याची पोरं फळ्यापुढे जाऊन भांडली. शेठ म्हणाले, "माझे डोळे मला जे सांगतात ते मी लिहितो." पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. मग परतीच्या मॅचला लीलाधर ताप अंगावर घेऊन खेळला आणि आम्ही एका पॉइंटाने कसेबसे जिंकलो. मग तर काय, शेठना आयतं कारण मिळालं.

का करत होते ते असं? मला हे फार नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची रीत होती, सगळ्यात चांगलं थान कधी पहिल्या फळीवर मांडायचं नाही. नजर लागते. पुढे दुसरं मांडायचं आणि ते थान मागे, दुसऱ्या फळीवर. आणि शेठने ती रीत एकदाच मोडली होती. धाकटा मुलगा रुपचंद चौथीत पहिला आला, तर गल्लीभर पेढे वाटले, येईल त्याला सांगितलं, "माझा मुलगा पहिला." महिन्याच्या आत पोरगा विषमज्वराने गेला. नऊ वर्षांचा. त्यानंतर शेठच्या तोंडून आपल्या माणसाबद्दल 'पहिला' हा शब्द कधी निघाला नाही. पानबाई, त्यांच्या पत्नी, कुणी थोरल्या मुलाच्या बायकोला चांगली म्हटलं तरी विषय बदलायच्या. लीलाधर सोमवारी फळा बघायला यायचा, पानबाई त्याला ताक द्यायच्या, आणि आत जाऊन शेठ त्यांना हळूच म्हणायचे, "बघितलास? याच्यासारखा नाही कुणी. पण बोलायचं नाही."

एकदा लीलाधरने सरळ विचारलं, "शेठ, आमचं कमी कुठे पडतं?" आता आली का पंचाईत! खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं तर बोलायचं नव्हतं. शेठ म्हणाले, "तुझा डावा हात कच्चा आहे." झालं. त्या बिचाऱ्याने डाव्या हाताने भाकर खायला सुरुवात केली. पहाटे मैदानावर एकटा डाव्या हाताने बॉल आपटत बसायचा. शेठ माळ्यावरून बघायचे आणि त्यांचा जीव तुटायचा, पण वाटायचं, बरं आहे, पोरगा लोकांच्या नजरेआड आहे.

फायनल जळगावला, धुळे विरुद्ध अमळनेर. नोव्हेंबर महिना, आणि आदल्या दिवशी अवकाळी असा कोसळला की मुरमाच्या मैदानात गुडघाभर चिखल. फायनल झालीच नाही. निवड करायला विद्यापीठाकडून तिघे जण आले होते, त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. जिंकेल त्या संघातली दोन पोरं शिबिराला आणि हरेल त्यातलं एक, असं ठरलेलं. आता जिंकलं कोण म्हणायचं? दोघांनी एकमेकांना एकेकदा हरवलेलं. चहा पिता पिता कुणीतरी ते साप्ताहिक काढलं. म्हणाले, हा माणूस धुळ्याचा असून अमळनेरला पहिलं म्हणतो, म्हणजे विषयच संपला. अमळनेरचे दोघे घेतले, त्यातला दुसरा मी. धुळ्याचा एक, आणि एकच घ्यायचा तर रिवाजाप्रमाणे कॅप्टन. लीलाधरचं नाव नव्हतं. तो तिथेच ओट्यावर बसला होता, चिखलाचे बूट हातात घेऊन. मला म्हणाला, "जा भो, चांगला खेळ." मी त्याचा हात हातात घेतला आणि मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. पुण्याला हा माझ्यासमोर नसेल.

चार दिवसांनी त्या तिघांपैकी एक गृहस्थ मुद्दाम शेठच्या दुकानात गेले, आभार मानायला. "शेठ, तुमच्या यादीमुळे आमचं काम सोपं झालं. स्वतःच्या गावाला दुसरं म्हणणारा माणूस खोटं कशाला लिहील?" शेठनी त्यांना चहा पाजला. गिऱ्हाईक असताना दुकान बंद केलं, फळा उतरवला आणि पुन्हा कधी लावला नाही. मॅच बघायलाही ते परत गेले नाहीत. माळ्यावरच्या त्या खिडकीला त्यांनी आतून गाठोडी लावून टाकली. करायला गेले काय आणि झालं काय!

मला रेल्वेने उचललं. दोन महिन्यांनी भुसावळलाच पुन्हा खुली चाचणी होती, कुणीही यावं. मी लीलाधरला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, "नको रे. शेठसारख्या जाणत्या माणसाने वर्षभर आपल्याला दुसरं लिहिलं, ते काय उगाच? बापाला शब्द दिला होता, आता बाग बघतो." मी ते पत्र वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. वेड्या, तू पहिला आहेस, ये मुकाट्याने, एवढं लिहायला पोस्टकार्डही भरलं नसतं. पण तिथे जागा मोजक्या होत्या, आणि मी अजून कायम झालो नव्हतो. मूग गिळून बसलो.

नऊ वर्षं गेली. पंच्याहत्तर साली संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेठ भुसावळला माझ्या ऑफिसात येऊन उभे राहिले. वाळून काठी झालेले, आदल्या दिवशीचा उपास, आणि डॉक्टरने प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. संवत्सरीला जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर. शेठ म्हणाले, "दर वर्षी लीलाधरला छापील कार्ड पाठवतो, सुकदेव. पण माझं अजाणता नाही ना. कार्डावर ते मावत नाही. मला त्याच्या गावाला घेऊन चल."

तेव्हाच, रावेरच्या गाडीत, त्यांनी मला सगळं सांगितलं, रुपचंदचं आणि त्या थानाचं. मी ऐकत होतो आणि मी न लिहिलेलं ते पोस्टकार्ड मला आठवत होतं.

लीलाधर आम्हाला बघून हरखला. जाड झाला होता, मिशा ठेवल्या होत्या. त्याच्या बायकोने, मंदाबाईंनी खाट टाकली, दोन पोरी दारामागून बघत होत्या. बाग चांगली होती, घर नवं होतं. तो सुखात होता हो, अगदी मनापासून. म्हणाला, "जे आपलं नव्हतं ते गेलं, त्याचं काय मनाला लावून घ्यायचं?"

शेठ उठले आणि त्यांनी त्याच्यापुढे हात जोडून मान खाली घातली. "मिच्छामि दुक्कडम." तो दचकून मागे सरला. "शेठ, हे काय? मी तुमच्या पोरासारखा!" तो शब्द ऐकून शेठ रडायलाच लागले. आणि मग रडत रडत बोलले. तू पहिला होतास. पहिल्या दिवसापासून. तुझा डावा हात उजव्यासारखाच होता. मी घाबरलो म्हणून तुला मागे ठेवलं.

मंदाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात थांबल्या. लीलाधरचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. अर्ध्या तासापूर्वीचा सुखी माणूस होता तो.

"माफ केलं शेठ," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही मोठे. मनात काही ठेवू नका." मग खाली बघत म्हणाला, "पण हे सांगायचं नव्हतं. नऊ वर्षं बागेत उभं राहून मी मनाला सांगत होतो, तू तेवढाच होतास, गप बैस. आता काय सांगू?"

शेठना ओझं उतरवायचं होतं आणि ते उतरलं, पण कुणाच्या अंगावर ते त्यांना दिसलं. पुढच्या वर्षी ते गेले.

त्या दिवशी एसटीच्या थांब्यापर्यंत लीलाधर आम्हाला सोडायला आला. शेठचा हात धरून त्यानेच त्यांना गाडीत चढवलं, खिडकीजवळ बसवलं, आणि खाली उतरून माझ्यापुढे उभा राहिला.

"दोन वर्षं तू मला अंगाला अंग लावून अडवायचास," तो म्हणाला. "शेठ लांबून बघायचे. तू तर जवळ होतास. तुला कळत नव्हतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "कळत होतं," मी म्हणालो.

कंडक्टरने घंटी मारली.

"मग एकदा तरी म्हणायचंस ना रे, सुकदेव."