तीन बिंदूंवर टांगलेलं गाव

गावाचं नाव लिहिणार नाही. सातपाटीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. तिथं आजही मला पाहून दार लावणारी घरं आहेत. त्यांना आणखी एक निमित्त कशाला द्या.

भांडण मासळी वाळवायच्या जागेचं होतं. देवळासमोर, समुद्राच्या बाजूला, वाळूचा एक लांबट पट्टा आहे. त्यावर बांबूंच्या वलांडी उभ्या असतात आणि त्यांच्या दोरांवर बोंबील लटकतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, जोडीजोडीनं. खाली जवळा पसरलेला. वास येतो. येणारच. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी सुकट खाऊ नये. गावातल्या होड्या पुरुषांच्या नावावर, सोसायटी पुरुषांची, देवळाचा ट्रस्ट पुरुषांचा. बायकांच्या हातातली म्हणावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे हा पट्टा. आणि नेमका तोच घ्यायचं ठरलं. किनारा सुशोभीकरण. म्हणजे पेव्हर ब्लॉक, बाकं, सेल्फी काढायला एक लालभडक बदाम आणि शनिवार-रविवारच्या गाड्या लावायला जागा.

जुन्या गावनकाशात मासळी वाळवण्यासाठी राखलेली जागा आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे बायका निर्धास्त होत्या. मग सोसायटीच्या भिंतीवर नवा नकाशा लागला. उपग्रहाच्या फोटोवर जुन्या नकाशाच्या रेषा चढवलेल्या. त्यात राखीव जागा पट्ट्यावर नव्हतीच. ती देवळाच्या मागं, चक्क घरांच्या आळीवर पडली होती, आणि पट्टा गावाच्या हद्दीबाहेर, सरकारी पडीक म्हणून. म्हणजे बायकांचे गुन्हे दोन: राखीव जागेवर घरं बांधली आणि सरकारी जागेवर बोंबील वाळवले. खाली बारीक अक्षरात, हरकत असल्यास पालघरला सुनावणीस हजर राहावे.

मी सालवडला राहते. वडील घाटावरून बोईसरच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. मी संघटनेत पत्रकं लिहिते. चार ओळींत माणसाला चीड आली पाहिजे, हे माझं शिक्षण. त्या गावातही मी पत्रक लिहायलाच गेले होते. आमच्या संघटनेतल्या ज्येष्ठांनी बजावलं होतं, "नकाशात शिरू नकोस. नकाशा त्यांचा, रस्ता आपला. मोर्चा काढ." वाक्य झकास होतं. मी ते मथळ्यात घातलंही. पण पट्ट्यावरच्या बायकांच्या वतीनं बोलणारी जी मावशी होती, तिनं पत्रक वाचून घेतलं, हाताची खवलं पदराला पुसली आणि विचारलं, "मोर्चा झाल्यावर भिंतीवरचा नकाशा बदलतो काय?"

"दबाव येतो, मावशी."

"दबाव नको. पट्टा पायजे."

मला राग आला. पण तिचं चूक काय होतं?

पालघरच्या नव्या चकाचक जिल्हाधिकारी कार्यालयात मी गेले. नकाशाचं काम एका खाजगी एजन्सीला दिलेलं. तिचा माणूस ठाण्याहून येऊन तिथं एका टेबलावर बसलेला, एसीत, स्वेटर घालून. मी विचारलं, हे तुम्ही बसवलं कसं? तो माझ्याकडे बघेना, स्क्रीनकडे बघत बोलला, "मॅडम, टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"कळेल असं सांगा ना. पगार कशाचा घेता?"

मग त्यानं सांगितलं, ते इतकं सोपं होतं की ते लपवण्याचाच जास्त राग आला. जुना कागद स्कॅन करतात. कागदाला अक्षांश-रेखांश कळत नसतात. म्हणून कागदावर आणि आजच्या फोटोत, दोन्हीकडे सापडतील अशा जागा शोधायच्या. तळ्याचा कोपरा, शिवेचा दगड, देऊळ. कागदावरच्या तळ्यावर क्लिक, फोटोतल्या तळ्यावर क्लिक. असे बिंदू दिले की सॉफ्टवेअर बाकीचा कागद ताणून, वळवून जमिनीवर बसवतं. त्यानं नेमके तेवढेच तीन बिंदू दिले होते. तळं आणि दगड आतल्या बाजूला, आणि समुद्राच्या बाजूला एकटं देऊळ.

"एरर झीरो आहे," तो म्हणाला. "रिपोर्टमध्ये बघा."

"देऊळ कोणी दाखवलं?"

"गावच्याच अध्यक्षांनी. नकाशावर बोट ठेवून सांगितलं, हेच ते. आता गावापेक्षा आम्हाला जास्त कळतं का?"

अध्यक्ष म्हणजे देवळाच्या ट्रस्टचा अध्यक्ष, मावशीचा सख्खा धाकटा दीर. सुशोभीकरण हवं असणाऱ्यांत पहिला. 

अर्ज करून मी जुन्या नकाशाचा स्कॅन मिळवला. घडीवर रेषा तुटलेल्या, कोपऱ्यात कुठल्याशा साहेबाच्या चहाच्या कपाचं वर्तुळ. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सालवडच्या खोलीत लॅपटॉपवर उतरवलं आणि व्हिडिओ बघत शिकले. शेजारची म्हणाली, "दीदी, नया गेम है क्या?" मी म्हटलं, हो, जमीन ढापायचा.

त्या माणसाचेच तीन बिंदू मी आधी दिले. त्रुटी, म्हणजे कागदावरचा बिंदू जमिनीवरच्या बिंदूपासून जितका चुकतो ते अंतर, शून्य. खरंच शून्य. डोळे कपाळात गेले. मग एका व्हिडिओत खाली कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि डोकं फिरलं. अशा साध्या ताणण्यात बिंदू तीनच असले, तर त्रुटी नेहमीच शून्य येते! तुम्ही तीन बिंदू धडधडीत खोटे द्या, तरी शून्य. कागद तिघांनाही खूश करतो, कारण उलटतपासणीला चौथा साक्षीदारच नाही. आणि हा शून्य मिरवत एजन्सी गावाला अतिक्रमण करणारं ठरवून मोकळी झाली.

चौथा बिंदू म्हणून मी गावची जुनी विहीर दिली. त्रुटी उसळली. मग रस्त्याचा जुना फाटा, मग खाडीजवळच्या बांधाचं टोक. तळं, दगड, विहीर, फाटा, बांध, सगळ्यांची एकमेकांशी गोष्ट जुळत होती. खोटं बोलत होतं एकटं देऊळ. देऊळ यादीतून काढलं की राखीव जागा सरकत सरकत समुद्राकडे जायची आणि बरोबर वाळवणीच्या पट्ट्यावर बसायची. आणि कागदावरचं देऊळ? ते पट्ट्याच्याही पलीकडे, पाण्यात.

मी तशीच गावात गेले. अध्यक्ष देवळाच्या पायरीवर बसले होते. मी सरळ विचारलं, "हे देऊळ इथं कधी आलं?"

"आलं म्हंजे?"

"जुन्या नकाशात ते त्या तिथं आहे, समुद्रात. समुद्रानं खाल्लं ना? तुम्ही हे मागं नवीन बांधलं."

ते उठले. इतक्या शांतपणे उठले की मी दोन पायऱ्या खाली आले. "आईनं जागा सोडलेली नाय," ते म्हणाले. "कदी नाय. ती होती तिथंच हाय. घाटावरून आलीस नि आमाला समुद्र शिकवतंस? जा, तुज्या कारखान्याचं पाणी कुटं जातं त्याचा नकाशा काड आदी."

पायरीवरचे बाकीचे हसले. कारखान्याच्या पाण्यावर मी पत्रकांचे गठ्ठे वाटलेत, पण ते सांगून उपयोग नव्हता. मला वाटलं, हा माणूस दीडदमडीचा लबाड आहे, पार्किंगसाठी एजन्सीला खोटं सांगून आला. तसंच मावशीला म्हटलं. तर मावशी माझ्यावरच घसरली.

"लबाड नाय तो. गावात कुणालाबी इचार, हेच सांगल. आमी तसं बोलत नाय."

"का?"

ती बोंबील उलटे करत राहिली. मग म्हणाली, "आई मागं सरली असं एकदा तोंडातून गेलं, की समुद्राला कळतं वाट मोकळी हाय. मग तो घरात येतो."

हे असं होतं तर. देवी मागं आणली, देऊळ नवं बांधलं आणि सगळ्या गावानं मिळून ठरवलं की असं काही झालंच नाही. एजन्सीच्या माणसानं जुन्या नकाशावरचं देऊळ दाखवा म्हटल्यावर अध्यक्षांनी आपल्या श्रद्धेनं खरंच सांगितलं: हेच ते. फायद्याचंही होतं, ती गोष्ट वेगळी.

मी मावशीला म्हटलं, ठीक आहे, नका बोलू. पण मग पट्टा गेला. सुनावणीत मी एकटी ओरडले तर मला घाटी म्हणून हाकलतील. तुमच्यापैकी कुणीतरी बोललं पाहिजे.

"माजे दोन मुलगे पाण्यावर हायेत," ती म्हणाली. "तू बोलशील नि सालवडला जाशील. मना हितंच रहायचं हाय." आणि तिनं मला पट्ट्यावरून निघून जायला सांगितलं. मी गेले, दात-ओठ खात.

अवसेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "उद्या मोठी सुकती हाय. दिस कलला की ये. चपला नको."

सुकती म्हणजे ओहोटी. समुद्र इतका आत गेला होता की होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. मावशी पुढं, मी मागं, गुडघाभर चिखलातून. किनाऱ्यावरून पोरं ओरडत होती, "ओ वयनी, घाट्याला बोयटी मासली गावली काय?" मावशीनं वळून एक शिवी दिली, ती इथं छापता यायची नाही. पुढं खडकांच्या रांगेपाशी ती थांबली. काळ्या दगडांचा एक चौकोन, कालवांनी मढलेला, एका अंगाला पायरीचा दगड. खडक काटकोनात वाढत नाहीत. मावशीनं पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावली. मी मधोमध उभी राहून फोनवर अक्षांश-रेखांश घेतले. घरी येऊन तो बिंदू दिला. कागदावरचं देऊळ त्या चौकोनावर येऊन बसलं आणि सगळ्या बिंदूंची त्रुटी खाली आली. शून्य नाही आली. खऱ्या कामात शून्य येत नसते.

सुनावणीला मावशी आली, पट्ट्यावरच्या बायका आल्या. अध्यक्षही चारचौघांना घेऊन आले. मी लॅपटॉप उघडून सुनावणी घेणाऱ्या साहेबांना दोन्ही नकाशे दाखवले. एजन्सीचा माणूस म्हणाला, "सर, गावकऱ्यांनी स्वतः दाखवलेला पॉइंट आहे." अध्यक्ष म्हणाले, "ही पोरगी आमच्या देवीवर खोटा आळ घेते. विचारा गावाला!"

साहेबांनी कंटाळून बायकांकडे पाहिलं. "बोला. देऊळ हललंय का?"

मी मावशीकडे बघितलंसुद्धा नाही; बघितलं असतं तर ती नक्की गप्प बसली असती.

"हललंय," मावशी म्हणाली. "सासूनं आईला पाटावर घेतली नि पाण्यातनं काडली. मी नवी नवरी, मागनं समई धरून होते."

"वयनी, तोंड सांबाळ!"

"तुमी पुढं घंटा वाजवत होता, भावजी. अर्धी चड्डी होती तुमची, पाण्यानं सुटत होती. एक हात घंटेला नि एक चड्डीला."

मागच्या बायका फिसकन हसल्या. अध्यक्ष लालबुंद झाले, पण नाही म्हणाले नाहीत. ओरडत राहिले, की ही बाई घर बुडवणार, गाव बुडवणार. साहेबांनी शेवटी फाईल मिटली आणि म्हणाले, येत्या मोठ्या ओहोटीला जागेवर पाहणी करू. ट्रस्टच्या अध्यक्षांनी हजर राहावं.

पाहणीला एजन्सीचा माणूस बूट घालून आला होता. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. साहेब पॅन्ट दुमडून चालत होते. अध्यक्ष सगळ्यात मागं, कुरकुरत. चौकोन दिसला. अध्यक्षांनी पायरीच्या दगडाआधी पाय थांबवले, वाकून रबरी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मग वर चढले. वर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "कसलं देऊळ? खडक हाय हा. साधा खडक."

साहेबांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग एजन्सीच्या माणसाला म्हणाले, "घ्या पॉइंट."

नकाशा बदलला. राखीव जागा पट्ट्यावर आली, आळीवरची घरं निर्दोष झाली. माफी कुणी मागितली नाही. एजन्सीला दुसऱ्या गावांचं काम मिळालंच, आणि तिथं किती देवळं चुकीच्या जागी टोचली असतील कोण जाणे. संघटनेच्या अंकात छापून आलं, 'मोर्चाच्या धसक्यानं प्रशासन नमलं'. मोर्चा निघालाच नव्हता. मी ते बोलून दाखवलं, तेव्हापासून तिथंही माझं फारसं जमत नाही.

आणि त्या पावसाळ्यात समुद्रानं पट्ट्याची पुढची कड खाल्ली. तो दरवर्षी खातो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण गाव म्हणालं, वयनीच्या जिभेनं. देवळात तिची ओटी शेवटी घेतात आता. धाकटा मुलगा तिच्याशी धड बोलत नाही. मी चिडून म्हटलं, एक पत्रक काढते, सगळ्यांची नावं घालून.

"काय नको," ती म्हणाली. हंगाम सुरू होत होता. ती बांबू रोवत होती. पुढची जागा गेली म्हणून तिनं आपली वलांड मागं सरकवत पार देवळाच्या भिंतीला आणून भिडवली होती. अध्यक्ष धावत आले.

"वयनी, देवळाला बोंबलाचा वास मारतोय!"

मावशीनं दोर ताणला, गाठ मारली. "नकाशात बगा, भावजी. भिंतीपर्यंत माजी जागा हाय."