आईला घातलेली नथ

जुना काळ सध्या अकोल्यात चांगला खपतो. तिथल्या एका साड्यांच्या शोरूमसाठी मला पोस्टर करायचं होतं: चेहरा फोटोतला, बाकी सगळं लॅपटॉपवर हाताने रंगवलेलं. मालक माझ्याहून लहान, पण जुन्या दिवसांबद्दल तासन्‌तास हळवं होऊन बोलत. नेमके कुणाचे दिवस, ते मी विचारलं नाही. मला काम हवं होतं.

अमरावतीला घरी आईचा एक फोटो होता. धारणीकडच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागल्यावर पहिल्या पगारात तिने निळी नायलॉनची साडी घेतली आणि तीच नेसून स्टुडिओत गेली. मनगटावर घड्याळ, काखेत पर्स, मागच्या पडद्यावर बर्फाचा डोंगर. मला याहून अस्सल जुनं काय मिळणार होतं? आईने फोटो दिला, पण बजावून.

"माही साडी बदलू नको."

मालकांनी फोटो पाहून नाक मुरडलं. "मॅडम, हे काय जुनं होय? नायलॉन तं माह्या मामीकडे अजून पडून हाये."

मग सूचना आल्या. साडी सुती हवी, नथ हवी, डोंगराऐवजी बैलगाडी हवी, आणि बाईचा रंग जरा उजळ. बैलगाडीत मालक जन्मात बसले नसावेत. मी भांडले, हरले आणि रंगवायला बसले. आमच्या घरात कधी कुणी नथ घातली नव्हती. ती मी आईला माझ्या हाताने घातली. घड्याळ पुसून तिथे हिरव्या बांगड्या काढल्या.

पोस्टर लागलं तेव्हा आई हौसेने माझ्याबरोबर बडनेरा स्टेशनवरून गाडीने अकोल्याला आली. ती थेट पोस्टरसमोर जाऊन उभी राहिली. मालक जवळ आले. तो चेहरा हिचाच, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"काकू, पयलेच्या बाया अशा राहत होत्या. साध्या, सुती नेसणाऱ्या."

"मी होती ना तवा," आई म्हणाली. "असं लुगडं नेसून माही माय लोकायच्या वावरात निंदाले जाये. ते मले नेसा लागू नये म्हनून तिनं मले शिकवलं."

"वा, काय दिवस होते ते," मालक म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. "माहा चेहरा काढ यातून."

मला लाज वाटली, आणि मालकांपेक्षा स्वतःचाच राग आला. चेहऱ्याची मालकीणच नको म्हणते म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज झाला; पोस्टर नव्याने छापायचं ठरलं. तिथेच काउंटरवर लॅपटॉप उघडून मी आईचा चेहरा कापला आणि त्या जागी एक गोरीपान बाई चितारली, कुणाचीच कुणी नसलेली.

मालक मागून वाकून पाहत होते.

"आता कसं," ते समाधानाने म्हणाले, "आता जुनं वाटून राहिलं."