छबी, आमच्या मालकांची

ट्रॅक्टर हलला आणि उसाच्या ट्रॉलीचं चाक छबीच्या पाठीवरून गेलं. आमचे मालक ओरडले, "छबेऽऽ!" छबी म्हणजे आमची कुत्री. ट्रॉलीखाली सावलीला झोपली होती, ड्रायव्हरला दिसली नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडले ते हेच. मी दारात शेंगा निवडत होते. मालक मातीत फतकल मारून बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले... माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मला विंचू चावला होता तेव्हा हा माणूस बसल्या जागेवरून म्हणाला होता, "चुना लाव."

गेलेल्याबद्दल माणसं चांगलंच लिहितात. मी खरं ते लिहिते. छबी देखणी होती, तांबूस रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. मेढ्याला मालकांचे मिलिटरीतले एक दोस्त राहतात, त्यांनी दिली. मालकांची सगळी उमेद मिलिटरीत गेली आणि माझी इथं सांगलीकडच्या मळ्यात त्यांची वाट बघण्यात. सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, ट्रंक उचलून जायचे. पेन्शनीत आले ते साखर कारखान्यावर वॉचमन झाले, तीही रातपाळी. दिवसा झोप. ती नोकरी सुटली तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी चार शब्द बोलेल. तर चार दिवसांत मेढ्याला जाऊन आले आणि पिशवीतून छबी निघाली.

मग काय, दिवसभर तिच्याशीच बोलणं. "बैठ. रुक. शाबाश." माझ्या हातचं जेवून हा माणूस म्हातारा झाला, मला कधी शाबाश मिळाली नाही. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. माझं नाव हौसा. ते त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मला हाक म्हणजे "अगं ए", नाहीतर नुसतं खाकरायचं. आणि तिला? छबे, छबडे, छबूताई! तव्यावरची पहिली भाकरी तिची, वर तूप. मी म्हणायचे, "आमाला बी शेपूट असतं तर बरं झालं असतं." हे हसायचे आणि तिलाच सांगायचे, "बघ गं, काय म्हणत्यात." रोज सकाळी दोघं पाटापर्यंत फिरायला जायची. जाताना ह्यांचं तोंड चालू असायचं, ते मला लांबून दिसायचं. शब्द ऐकू यायचे नाहीत. त्याचीच मला जास्त चीड यायची.

तिला बांधावरच्या चिंचेखाली पुरलं. हात-पाय धुऊन हे आत आले आणि म्हणाले, "आज चूल पेटवू नगं."

माणूस गेल्यावर घरात चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे भाकरी आणून देतात, ही आमच्याकडची रीत. ती ह्यांनी कुत्रीला लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "वडूजला माझी आई गेली तवा तुमी काय म्हणाला हुता, आठवतंय का? 'दोन भाकरी टाक आन मग जा म्हायेराला.' मी भाकरी टाकून गेले. आईचं तोंड दिसलं न्हाई मला." मी चूल पेटवली. भाकरी केल्या. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

संध्याकाळी माझी धाकटी जाऊ पिठलं-भाकरी घेऊन आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, सवत गेली म्हणायची तुमची."

"सवत असती तर निम्म्या भाकरी तरी थापल्या असत्या," मी म्हणाले. ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. पण तिच्याही भाकरीला ह्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा तेवढा घेत, तोही माझ्याकडं न बघता. चिंचेखाली जाऊन बसत. गालफडं बसली. तेव्हा मात्र मी घाबरले. मेलेल्या कुत्रीशी भांडता येत नाही. जिवंत होती तेव्हा निदान दगड तरी मारता यायचा... ती ह्यांनाही बरोबर नेती का काय, असं वाटायला लागलं.

मग एका सकाळी मी अंगण झाडत होते. हे सवयीनं काठी घेऊन बाहेर आले, चपला घातल्या, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "छबी, चल गं."

म्हणाले आणि जागच्या जागी थिजले. मागं वळले. मागं मी उभी, हातात खराटा. तोंड असं झालं त्यांचं, की काय सांगू. जन्मात पहिल्यांदा मला नावानं हाक आली, तीही कुत्रीच्या नावानं. खराटा फेकून मारावा असं एकदा वाटलं. मग मी तो भिंतीला टेकवला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाले, "चला."

"तुला न्हाई म्हणालो गं."

"ठावं हाय. चला म्हणते न्हवं?"

निम्मी वाट सरली. मी म्हणाले, "तिला काय सांगत हुता रोज?"

"कुत्रीला काय सांगणार?"

"तेच सांगा."

बराच वेळ काठी आपटत चालले. मग सांगायला लागले. डावा गुडघा रात्री ठणकतो. बर्फात त्यांच्या शेजारी झोपणारा एक पोरगा सकाळी उठलाच नाही, तो अजून स्वप्नात येतो. सुट्टी संपवून निघताना एसटीत बसल्यावर ते मागं वळून बघत नसत, कारण मी फाट्यावर उभी असायचे... हे सगळं कुत्रीला ठाऊक होतं. मला नव्हतं. मेल्यावर राग जातो म्हणतात. माझा त्या सकाळी वाढला.

पाटावरून परत आल्यावर त्यांनी भाकरी मागितली. रात्रीची होती, ती दुधात कुस्करून दिली. सगळी खाल्ली. वाटीसुद्धा पुसून घेतली.

आता रोज आम्ही जातो. वाटेत ते सांगतात, मी ऐकते. छबी मेली. हे जगले. मीही जगले.