कुलपातला ओला दोर

भूतखेत, करणी असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय. पन्नाशी जवळ आली, आता गप्प राहण्याचा वीट आलाय.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. घर शिरूरला, नोकरी दौंडला – स्टेशनपलीकडे एका ठेकेदाराच्या गोदामात स्टोअरकीपर. त्याच ठेकेदाराचं कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, समुद्रकाठी जेटीचं काम चालू होतं; तिथलं सामान आमच्याच गोदामातून जायचं. माझा मेव्हणा निवृत्ती तिथं मुकादम. त्याच्या गावची, केंदूरची, तीसेक माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायची, त्यात त्याची बाळंतीण बायको आणि तान्ही पोरही.

एका दुपारी तो घामाघूम होऊन गोदामात आला.

"दाजी, बंदरावर बावटा चढलाय. वादळ येतंय. पत्रे बांधायला दोर द्या."

नवा मनिला दोर एकच होता, पोत्यात शिवलेला. शेठच्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही असा हुकूम, आणि शेठ शिरूरला. मी म्हटलं, "जुना काथ्याचा ने."

"त्यो कुजलाय! नवा द्या की. दोर काय तुमच्या बापाचा हाय व्हय?"

हमाल फिदीफिदी हसले. माझं डोकं फिरलं. "शेठला ट्रंककॉल लावतो," म्हणून पोस्टाकडे गेलो, बाहेरच चहा प्यायलो आणि परत येऊन सांगितलं – लाईन लागत नाही. कॉल मी बुक केलाच नव्हता... गाडीची वेळ झाली, तसा तो जुनाच दोर खांद्यावर टाकून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडलं. दौंडात पावसाचा टिपूस नाही, बाहेर फुफाटा. आणि त्या शिवलेल्या पोत्यातून पाणी ठिबकत होतं! कुलूप जागच्या जागी, शिवण शाबूत, वरचे पत्रे कोरडे. उसवून पाहिलं – दोर चिंब, पिळांत बारीक वाळू. बोट जिभेला लावलं. खारट... कुणाला बोललो नाही. दोर उन्हात वाळवला, पोतं पुन्हा शिवलं.

आठवड्यानं निवृत्ती शिरूरला घरी आला. तळहात सोललेले. त्यानं माझे पायच धरले.

"दाजी, जुना दोर तटातटा तुटला बघा. आन् पहाटं दारात नवा दोर पडल्याला! कुणासंगं धाडला? समद्यांनी मिळून पत्रे आवळले. शेजारच्या शेडचे पार उडाले, पर आमचं एक माणूस दगावलं न्हाई."

"दोर कुठाय?"

"तिथंच, पत्र्यांवर."

आणि माझा दोर दौंडला, कुलपात. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बायको कौतुकानं बघत होती. मी म्हटलं, "असू दे, असू दे."

तेव्हापासून दर दिवाळीला तो येतो, पाया पडतो, पोरीला सांगतो, "ह्यांच्यामुळं हायेस तू." यंदा सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं. तो हसायलाच लागला.

"मनाचा मोठेपणा पुरे, दाजी! मग आम्ही काय हवा आवळली व्हय?"

पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. ऐकेचना! बायको मात्र हसली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "म्हणजे फोन तुम्ही लावलाच नव्हता?"

दोर तिथं कसा पोचला, मला आजही सांगता येत नाही. तिनं ते विचारलंच नाही.