माळ्याच्या हवेसाठी आज रक्त सांडलं

मंडळी, दवाखान्यातून आले आणि लगेच लिहायला बसले.

देवपुरात आमचं पत्र्याचं घर. माळा नुसता भट्टी. म्हणून आज ह्यांनी पत्र्याखालच्या त्रिकोणी भिंतीत जाळीसाठी भोक पाडायला घेतलं.

शेजारचे नाना ओरडत जाब विचारायला आले, "मन्हा आंगणकडे भोक काब्र पाडतस?" आणि वीट फेकली. ह्यांचं कपाळ फुटलं. हे घण उचलून नानांवर धावले. मी कमरेला मिठी मारली, तर मलाच फरफटत नेलं.

तेवढ्यात नानांची बायको, अक्का, मध्ये आली. नानांनाच म्हणाली, "लावू द्या त्यासले जाळी. आपला माळाबी असाच तपस. मी रोज तठे भाजस, तुम्हले दखास का?"

ती रोज तिथे भाजते, हे नानांना कधी दिसलंच नव्हतं; ते मटकन खाली बसले. ह्यांच्या हातातला घण मी काढून घेतला.

कपाळाला टाके पडलेत. हे म्हणतात, पोलिसांत जाऊ. मला अक्काचा चेहरा दिसतोय. तुम्ही काय केलं असतं?